गोणीतले सिमेंट तपासले कोणी?

क्लिंकर कमी आणि राख, स्लॅग किंवा भाजलेली माती जास्त, या दिशेने सिमेंट उद्योगाची वाटचाल सुरू झाली आहे. या बदलात दर्जा राखण्याची सारी भिस्त कारखान्यांतील स्वयंचलित प्रयोगशाळांवर राहणार आहे. तेथे तासातासाला होणाऱ्या नोंदी मात्र घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंटसह चार उद्योगांसाठी हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची उद्दिष्टे अधिसूचित केली. टनामागे किती वायू हवेत सोडला, याचा हिशेब कारखान्यांना द्यावा लागणार असून, उद्दिष्ट गाठता न आल्यास कार्बन क्रेडिट प्रमाणपत्रे विकत घेऊन ती तूट भरून काढावी लागणार आहे. या निर्णयाची चर्चा पर्यावरणाच्या अंगाने बरीच झाली. शहरातील घरांच्या भिंती आणि स्लॅब यांच्याशी त्याचा असलेला संबंध मात्र दुर्लक्षितच राहिला.

हा संबंध समजून घेण्यासाठी सिमेंट कसे तयार होते, याकडे थोडे वळावे लागेल. चुनखडी आणि चिकणमाती यांचे बारीक पीठ फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की काळपट, खडबडीत गोळे तयार होतात. हेच क्लिंकर. त्यात थोडे जिप्सम घालून दळले की साधे पोर्टलँड सिमेंट मिळते. चुनखडी तापताना तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन क्लिंकरमागे केवळ चुनखडीच्या विघटनातूनच सुमारे अर्धा टन वायू निघतो. इंधनाचा धूर वेगळाच. भट्टीत कोळशाऐवजी शहरातील कचऱ्यापासून केलेले इंधन जाळले, तरी चुनखडीतून निघणारा वायू काही कमी होत नाही. तेव्हा उद्दिष्ट गाठण्याचा सर्वांत सरळ मार्ग उरतो तो गोणीतील क्लिंकरच कमी करण्याचा.

ही वाट नवी नाही. औष्णिक वीज केंद्रांतील राख अर्थात फ्लाय अॅश मिसळलेले पोर्टलँड पोझोलाना सिमेंट आज बाजारात सर्रास विकले जाते. भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते. पोलाद कारखान्यातील स्लॅग वापरलेल्या सिमेंटमध्ये स्लॅगचे प्रमाण २५ ते ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेल्या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे स्वतंत्र मानक आणले. लुझान येथील कॅरेन स्क्रिव्हेनर यांच्या पुढाकाराने आणि भारतीय आयआयटींच्या सहभागाने विकसित झालेल्या या प्रकारात क्लिंकर साधारण निम्मेच असते.

अशी मिश्र सिमेंट कमअस्सल असतात, हा गवंड्यांमध्ये आणि काही अभियंत्यांमध्येही रुजलेला समज चुकीचा आहे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर ती साध्या सिमेंटहून अधिक टिकाऊ ठरतात. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत राहणाऱ्यांना ही बाब जवळची आहे. अडचण वेगळी आहे. साध्या सिमेंटचा दर्जा बव्हंशी एका भट्टीवर ठरतो. मिश्र सिमेंटमध्ये तीन-चार ठिकाणांहून आलेले पदार्थ एकत्र येतात आणि त्यांपैकी निदान एक पदार्थ दुसऱ्याच उद्योगाचा टाकाऊ माल असतो. वीज केंद्रात कोणता कोळसा जळला, संच पूर्ण भाराने चालला की निम्म्या, यावर राखेचा गुण बदलतो. वीज केंद्राला त्याची फिकीर असण्याचे कारण नाही. ती सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेलाच करावी लागते.

निळ्या काचेपासून यंत्रमानवापर्यंत

एकेकाळी भट्टीवरचा अनुभवी कामगार निळ्या काचेतून ज्वाळेकडे पाहून क्लिंकर कसे भाजले जात आहे, हे सांगत असे. एक लिटर मापात क्लिंकर भरून त्याचे वजन करणे, ही त्याला जोड. प्रयोगशाळेत पाळीतला केमिस्ट नमुना आणवून घेई, तो चार भागांत वाटून लहान करी, दळी आणि मग ब्युरेट-पिपेट घेऊन चुना, सिलिका, अॅल्युमिना यांचे प्रमाण काढी. संपूर्ण रासायनिक विश्लेषणाला दिवस लागे. तोवर भट्टीतून हजारो टन माल पुढे गेलेला असे.

क्ष-किरणांनी हा वेळ मिनिटांवर आणला. नमुन्यावर क्ष-किरण टाकले की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकते आणि त्यावरून कॅल्शियम, सिलिकॉन, लोह यांचे प्रमाण कळते. सिमेंटच्या अशा विश्लेषणाचे भारतीय मानक १९८९ पासून अस्तित्वात आहे. आज मोठ्या कारखान्यांत हे यंत्र नसणे हेच आश्चर्य मानावे लागेल.

पुढची पायरी आहे ती माणसाचा हात नमुन्याला लागूच न देण्याची. डॅनिश एफएलस्मिथ आणि जर्मन पॉलिसियस या यंत्रसामग्री कंपन्यांनी क्यूसीएक्स आणि पोलॅब या नावांनी अशा प्रणाली जगभर पोहोचवल्या. कच्च्या मालाची गिरणी, भट्टीचे तोंड, क्लिंकरचा पट्टा आणि सिमेंटची गिरणी अशा ठिकाणी बसवलेले यंत्र ठरल्या वेळी नमुना काढते. तो एका डबीत बंद होतो आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून थेट मध्यवर्ती प्रयोगशाळेत येऊन पडतो. जुन्या पोस्ट कार्यालयांत किंवा मोठ्या दुकानांत चिठ्ठ्या आणि पैसे पाठवण्याची जी पद्धत होती, तीच ही. तेथे यंत्रमानवाचा हात डबी उघडतो, पावडर दळून पोलादी कड्यात दाबून तिची वडी करतो आणि क्ष-किरण यंत्रात सरकवतो. आकडे संगणकाकडे जातात. चुन्याचे प्रमाण घसरले असेल तर संगणकच चुनखडीच्या पट्ट्याचा वेग वाढवतो.

काही कारखान्यांत तर नमुनाही काढला जात नाही. धावत्या पट्ट्याभोवती बसवलेले यंत्र सगळ्या दगडावर न्यूट्रॉनचा मारा करते आणि परत येणाऱ्या गॅमा किरणांवरून त्याचा घटक ओळखते. त्यासाठी वापरला जाणारा कॅलिफोर्नियम-२५२ हा किरणोत्सारी पदार्थ दोन वर्षे आठ महिन्यांच्या आसपास निम्मा होतो. त्यामुळे तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. हा खर्च छोट्या कारखान्याला जड जाणारा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका, घुग्घूस आणि लगतचा यवतमाळचा मुकुटबन परिसर हा महाराष्ट्रातील सिमेंटचा मुख्य पट्टा. खाण एकच असली तरी चुनखडीचा प्रत्येक थर सारखा नसतो. चांगला दगड आधी उपसून टाकला तर पुढच्या पिढीला निकृष्ट दगड उरतो. घटकांची मोजणी क्षणोक्षणी होत असेल, तर चांगला आणि हलका दगड मिसळून वापरता येतो आणि खाणीचे आयुष्य वाढते. स्वयंचलित तपासणीचा हा लाभ फारसा बोलला जात नाही. खाणीलगतच्या गावांना मात्र तो दर्जाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

सव्वीस लाख गोण्या

एवढे करूनही सिमेंटच्या दर्जाची कायदेशीर कसोटी आजही तीच जुनी आहे. एक भाग सिमेंट आणि तीन भाग प्रमाणित वाळू यांचे मिश्रण करून ७०.६ मिलिमीटर बाजूचे ठोकळे पाडायचे, ते २७ अंशांच्या आसपास पाण्यात ठेवायचे आणि ३, ७ व २८ दिवसांनी दाबयंत्राखाली फोडायचे. वाळू तमिळनाडूतील एन्नोरची. ५३ ग्रेडच्या सिमेंटचा असा मुठीएवढा ठोकळा २८ दिवसांनी सुमारे २७ टनांचा भार पेलून मगच फुटला पाहिजे.

या २८ दिवसांतच सगळा पेच आहे. तासाला २०० टन दळणारी एक गिरणी अखंड चालली, तर २८ दिवसांत ती १ लाख ३४ हजार टन सिमेंट बाहेर टाकते. म्हणजे ५० किलोच्या २६ लाखांहून अधिक गोण्या. पहिल्या दिवशीच्या ठोकळ्याचा निकाल येईपर्यंत त्या गोण्या गोदामात ठेवणे अशक्यच. त्या ट्रकवर चढतात, दुकानात जातात आणि त्यांचे स्लॅबही पडतात. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यांमुळे एका महिन्यात दोन-तीन मजले वर चढतात. खालच्या मजल्यातील सिमेंटचा अंतिम निकाल हाती येतो, तेव्हा त्याच्यावर बरेच ओझे आलेले असते.

म्हणूनच कारखाने २८ दिवसांचा अंदाज आजच्या आकड्यांवरून बांधतात. क्लिंकरमधील खनिजांचे प्रमाण, दळणाची बारीकी, मुक्त चुना, सल्फेट आणि एक दिवसाची ताकद यांच्या आधारे संगणक पुढचा आकडा सांगतो. पूर्वी खनिजांचे प्रमाण अमेरिकी रसायनतज्ज्ञ रॉबर्ट बोग यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या सूत्रांनी काढले जाई. ती सूत्रे आदर्श परिस्थिती गृहीत धरतात आणि भट्टीतील वास्तव त्यांच्याशी नेहमी जुळतेच असे नाही. डच शास्त्रज्ञ ह्यूगो रिटवेल्ड यांची १९६९ मधील पद्धत संगणक स्वस्त झाल्यावर कारखान्यांत आली आणि क्ष-किरण विवर्तनाने खनिजे प्रत्यक्ष मोजता येऊ लागली. अंदाज पुष्कळ नेमका झाला. तथापि तो अंदाजच आहे आणि मानकाने त्याला ठोकळ्याचा दर्जा दिलेला नाही. तसा तो देऊ नये, असेच म्हणावे लागेल.

यंत्राला न दिसणारे

याचे कारण मिश्र सिमेंटमध्येच दडलेले आहे. मूलद्रव्ये मोजणारे क्ष-किरण यंत्र सिलिकॉन किती, हे अचूक सांगते. पण तो सिलिकॉन नदीच्या वाळूसारख्या निष्क्रिय स्फटिकात आहे की राखेतील काचेसारख्या क्रियाशील कणांत, हे त्याला कळत नाही. आकडा दोन्हीकडे सारखाच. पहिला आयुष्यभर तसाच पडून राहतो. दुसरा चुन्याशी संयोग पावून काँक्रीटला ताकद देतो. विवर्तनाचे यंत्र स्फटिक ओळखते, परंतु काच ही स्फटिक नसल्याने तिचे प्रमाण त्याला आडवळणाने काढावे लागते. मातीबाबतही हेच. ती कमी भाजली तर कच्ची राहते, जास्त भाजली तर मरते, आणि या दोन्ही अवस्थांत तिची मूलद्रव्ये तीच असतात.

शुद्ध क्लिंकरच्या जमान्यात यंत्राचा आकडा आणि प्रत्यक्ष ताकद यांत अंतर कमी होते. क्लिंकर निम्म्यावर आले की हे अंतर वाढण्याची शक्यता निर्माण होते. ज्या काळात स्वयंचलित तपासणीवरचा विश्वास वाढतो आहे, त्याच काळात तिच्या कक्षेबाहेरचा भागही वाढतो आहे. उद्योगाच्या जाहिरातींत यातला पहिला भाग तेवढा येतो.

दुसरी मर्यादा नमुन्याची. शे-दोनशे टनांच्या वतीने यंत्रासमोर जाते ती काही ग्रॅमची वडी. नमुना काढणारा स्क्रू झिजला किंवा नळी ओली झाली, तर यंत्र चुकीच्या पावडरचे अत्यंत अचूक विश्लेषण करते. शिवाय दाबलेल्या वडीवर कणांच्या आकाराचा परिणाम होतो. म्हणून काचेत वितळवलेल्या मण्यांशी आणि प्रमाणित संदर्भ-नमुन्यांशी यंत्राचे आकडे वारंवार पडताळावे लागतात. हे काम रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसाचेच आहे. गडचांदूर, वणी, राजुऱ्याच्या महाविद्यालयांतून बी.एस्सी. होऊन पाळीच्या नोकरीला लागणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. नमुने आणणारे आणि दळणारे हात स्वयंचलित प्रयोगशाळेत लागत नाहीत. त्याऐवजी यंत्रावर संशय घेऊ शकणारे मोजके लोक लागतात. तसे प्रशिक्षण पदवीच्या अभ्यासक्रमात क्वचितच मिळते.

तिसरी गोष्ट ग्राइंडिंग युनिटांची. क्लिंकर आता खाणीजवळ भाजले जाते आणि दळण शहरांजवळ किंवा राख-स्लॅग मिळते तेथे होते. सोलापूरजवळचे होटगी किंवा रायगडमधील डोलवी ही त्याची राज्यातली उदाहरणे. वाहतुकीच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. परंतु गोणीत जाणारे अंतिम मिश्रण येथे ठरते. अद्ययावत प्रयोगशाळेवरचा मोठा खर्च साहजिकच आधी भट्टी असलेल्या मूळ कारखान्यावर होतो. मोठ्या कंपन्यांची युनिटे एकाच संगणकीय जाळ्यात जोडली जाऊ शकतात. विकत घेतलेल्या क्लिंकरवर चालणाऱ्या लहान स्वतंत्र युनिटांना ते परवडतेच असे नाही, आणि त्यांच्याही गोणीवर आयएसआयची तीच खूण असते.

फाटकाबाहेरचा अंधार

महाराष्ट्राच्या राजकारणात सिमेंटला एक जुने स्थान आहे. सिमेंटच्या वाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या आरोपांवरून बॅ. अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. त्या काळी सिमेंट मिळणे हाच प्रश्न होता; दर्जा विचारण्याची चैन कोणाला परवडत नव्हती. त्याच वर्षी अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः नियंत्रणे उठली. टंचाई संपली आणि निवड करण्याची सोय आली. निवड कशाच्या आधारे करायची, याची माहिती मात्र त्या प्रमाणात आली नाही.

आज गोणीवर काय वाचायला मिळते? सिमेंटचा प्रकार, मानकाचा क्रमांक, परवाना क्रमांक आणि कोणत्या आठवड्यात भरले ते. त्या आठवड्यातील सिमेंटची ताकद प्रत्यक्षात किती भरली, हे नाही. मानक केवळ किमान मर्यादा सांगते. पोझोलाना सिमेंटची २८ दिवसांची किमान मर्यादा ३३ मेगापास्कल आहे. चांगले कारखाने तिच्या कितीतरी वर असतात. पण वर असलेला आणि कसाबसा काठावर असलेला, या दोघांच्या गोण्या दुकानात शेजारी-शेजारी रचलेल्या असतात. मग ग्राहक रंग बघतो, मूठभर सिमेंट पाण्यात टाकून ते तरंगते का पाहतो, गोणीत हात घालून थंड लागते का पाहतो. गडद रंग म्हणजे दमदार सिमेंट हा समज तर इतका पक्का आहे, की फिकट सिमेंटला दुकानदारही नाक मुरडतो. रंगाचा संबंध लोह आणि राखेतील न जळालेल्या कोळशाशी आहे, ताकदीशी नाही.

मोठ्या खरेदीदाराला कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मिळते. गाडीसोबत येणाऱ्या त्या कागदावर तीन आणि सात दिवसांचे आकडे असतात आणि २८ दिवसांच्या रकान्यात चाचणी सुरू असल्याची नोंद. पूर्ण झालेला कागद नंतर पाठपुरावा करून मागवावा लागतो. किती जण तो मागवतात, हा प्रश्नच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा बांधकामाच्या दर्जाची चर्चा राज्यभर झाली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर सामान्य माणसाचा पहिला संशय सिमेंटवर जातो. प्रत्यक्षात गोणी फुटल्यानंतर होणारे नुकसान बहुधा अधिक असते. मिश्रण सहज ओतता यावे म्हणून बादलीने घातलेले जादा पाणी, मातकट वाळू, सळईला पुरेसे आवरण न ठेवणे, स्लॅबवर दोन दिवस पाणी मारून मोकळे होणे, यांपैकी काहीही कारखान्यातील यंत्रमानवाला दिसत नाही. मिश्र सिमेंट तर सावकाश ताकद धरते. त्याला पाणी अधिक दिवस मारावे लागते आणि नेमकी तीच गोष्ट घाईच्या कामात आधी कापली जाते. काँक्रीटच्या संहितेने, म्हणजे आयएस ४५६ च्या सन २००० च्या आवृत्तीने, किती घनमीटरला किती नमुने घ्यायचे याचे कोष्टक घालून दिले. छोट्या बांधकामांवर क्यूबचे साचे गंजलेले दिसतात आणि नोंदवहीतले आकडे संशयास्पद वाटावेत इतके एकसारखे असतात.

म्हणजे साखळीच्या एका टोकाला तासातासाची नोंद आणि दुसऱ्या टोकाला अंदाज, अशी ही स्थिती आहे. कारखान्यातील आकडे गोपनीय राखण्यात व्यापारी हित असू शकते, हे मान्य. कोणत्या खाणीचा दगड किती वापरला, हे स्पर्धकाला कळावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या आठवड्याच्या मालाची २८ दिवसांची ताकद, राखेचे किंवा स्लॅगचे प्रमाण, क्लोराइड आणि जमण्याचा वेळ यांत गुपित काहीच नाही. गोणीवर छापलेल्या क्यूआर संकेतामागे ही माहिती ठेवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही, कारण आकडे आधीच संगणकात आहेत. सिमेंटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. सक्ती करणाऱ्यांनी किमान मर्यादेच्या पुढे जाऊन प्रत्यक्ष आकडा मागितला, तर काठावरच्या कारखान्यांवर आपोआप दडपण येईल. क्लिंकर कमी करण्याच्या शर्यतीत हे दडपण पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे आहे.

कायद्याचा एक आधार आताही उपलब्ध आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात संरचनेचा दोष आढळला, तर तो स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी विकसकावर आहे. वाद उभा राहिला की पुरावा लागतो. रेडीमिक्स प्रकल्पातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांच्या वजनाची छापील चिठ्ठी असते. कारखान्याकडे त्या आठवड्याच्या सिमेंटचे प्रमाणपत्र असते. हे दोन कागद एकमेकांना आणि इमारतीच्या मजल्याला जोडून ठेवणे आज खरेदीदाराच्या आग्रहावर अवलंबून आहे. मुंबई-ठाण्यात पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्या करारापूर्वी चटईक्षेत्र, कॉर्पस निधी आणि वाहनतळ यांवर महिनोन्‌महिने घासाघीस करतात. २८ दिवसांच्या रकान्यासह पूर्ण भरलेली सिमेंटची प्रमाणपत्रे आणि मजल्यानुसार लावलेल्या रेडीमिक्सच्या चिठ्ठ्या सोसायटीकडे जमा कराव्यात, अशी अट त्याच करारात घालता येते आणि तिचा खर्च झेरॉक्सपलीकडे जात नाही.